पीकविम्याचा नवा पंच

वाचकहो, दसऱ्याच्या आधीचे आठ-दहा दिवस डोळ्यांपुढे आणा. सोयाबीन मांडीला लागते आहे, पान हिरवेगार आहे. बांधावरून जाणारा पाव्हणा म्हणतो, "यंदा पीक झ्याक साधलंय तुमचं." त्याच दिवशी संध्याकाळी घरची बाई रानातून येते आणि ओच्यातून चार शेंगा काढून ओट्यावर ठेवते. शेंग दाबावी तर चप्पट. आत दाणा नाही, असलाच तर मोहरीएवढा. फुलोऱ्यात पावसाने ओढ दिली म्हणा किंवा शेंग भरताना झड लागली म्हणा, पीक पानात गेले आणि दाण्यात आले नाही. पाव्हण्याने पाहिले ते खरे आणि बाईने दाखवले तेही खरे. विम्याची भरपाई मात्र यांतल्या कोणाच्या पाहण्यावर ठरायची?

प्रश्न जुनाच आहे. पण आता तुमच्या शेताकडे पाहणारा एक तिसरा आला आहे. तो जमिनीपासून ७८६ किलोमीटर उंचीवरून, दर पाच-सहा दिवसांनी तुमच्या रानाचा फोटो घेतो. तो फोटो संगणकाच्या पुढ्यात जातो, आणि संगणक त्यावरून हेक्टरी किती क्विंटल उतारा पडेल याचा आकडा सांगतो. या संगणकी शहाणपणाला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. पोरे 'एआय' म्हणतात. पीकविम्याच्या कामात हा नवा पंच येऊन बसला आहे. तो आपला की परका, एवढेच विचारून भागणार नाही. त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

नजरअंदाजापासून तराजूपर्यंत

आधी थोडे मागे जाऊ. पूर्वी पीक किती आले हे आणेवारीने ठरे. गावची मंडळी आणि सरकारी माणूस शिवारात फिरून नजरेने सांगत, की पीक सोळा आण्यांत इतके आणे. आण्याचा पैसा झाला, आणेवारीची पैसेवारी झाली, पण कारभार बराचसा नजरेचाच. नजर माणसाची, आणि माणूस म्हटला की सारा, तगाई, दुष्काळ, वशिला सगळेच त्या नजरेत उतरायचे.

यावर तोड निघाली ती पीक कापणी प्रयोगाची. १९४० च्या दशकात हे शास्त्र आपल्या देशात बसवणाऱ्यांत डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, आणि त्यांच्या जोडीला डॉ. वि. गो. पानसे. विचार साधा होता. सगळे शिवार मोजणे शक्य नाही. मग चिठ्ठी टाकल्यासारखे आकडे काढून काही शेते निवडावीत, त्या शेतातही आकड्यांवरूनच एक तुकडा आखावा, तो कापून, मळून, वजन करावे. पुष्कळ पिकांना हा तुकडा १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असतो, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा. चांगले रान की वाईट रान, हे कोणी माणसाने निवडायचे नाही. यात सारी गोम आहे.

पीकविमा त्यानंतरचा. १९७२ साली गुजरातेत एच-४ कापसासाठी पहिला प्रयोग झाला आणि पुढे तो आणखी काही राज्यांत गेला. त्यात एकेका शेतकऱ्याचे नुकसान वेगळे मोजायचे होते. १९७८ पर्यंत तो चालला. ३,११० शेतकऱ्यांकडून हप्ता आला ४ लाख ५४ हजार, आणि भरपाई गेली ३७ लाख ८८ हजार रुपये. हिशेब काही जमेना. तेव्हा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांनी वेगळी वाट सुचवली. कोट्यवधी लहान लहान शेतांवर जाऊन प्रत्येकाचे नुकसान प्रामाणिकपणे मोजणे शक्यच नाही. म्हणून सगळ्या मंडळाचा सरासरी उतारा पाहावा, तो ठरल्यापेक्षा खाली गेला की त्या मंडळातल्या सर्व विमेदारांना सारख्या प्रमाणात भरपाई द्यावी. १९७९ च्या पथदर्शी योजनेपासून १९८५ ची व्यापक योजना आणि २०१६ ची पंतप्रधान पीकविमा योजना इथपर्यंत पाया हाच राहिला आहे.

म्हणूनच तुमचे पीक गेले आणि शेजारच्या चार गावांत बरे आले तर तुम्हाला काही मिळत नाही, आणि तुमचे बरे आले पण मंडळाचे गेले तर मिळते. लोकांना हा अन्याय वाटतो. काही अंशी तो आहेच. पण तो कोणाच्या लबाडीतून आलेला नव्हता, मोजायला माणसे नव्हती म्हणून आला होता. आता आकाशातला डोळा शेतनिहाय मोजू शकेल, असे सांगितले जात आहे. दांडेकरांना जे अशक्य वाटले ते खरेच शक्य झाले आहे काय?

एक ठिपका, एक गुंठा

हे यंत्र शिकते कसे ते आधी पाहू. गुरांच्या बाजारात आयुष्य काढलेला दलाल बैलाचे तोंड उघडून दात पाहतो आणि वय सांगतो. त्याला कोणी पुस्तक शिकवलेले नसते. हजारो जनावरे पाहिली, कोणते किती वर्षांचे निघाले हे कळत गेले, आणि नजर बसली. यंत्राचेही तसेच. त्याला मागच्या हंगामांतले उपग्रहाचे फोटो, पाऊस-उन्हाचे आकडे आणि त्या त्या ठिकाणच्या पीक कापणीचे उतारे दाखवतात. असा फोटो होता तेव्हा इतके क्विंटल निघाले, तसा होता तेव्हा तितके, हे लाखो वेळा पाहिल्यावर ते नव्या फोटोवरून नवा आकडा सांगते. त्याला पीक कळत नाही. पीक कसे दिसले की किती निघते, एवढा मेळ त्याला कळतो.

या फोटोतला सगळ्यांत लहान ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा. तुमच्या एक एकराचे आकाशातून चाळीस ठिपके दिसतात. त्यांतले बांधाकडेचे ठिपके अर्धे तुमचे, अर्धे शेजाऱ्याचे. बांधावर बाभूळ असली तर तीही त्यात आली. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घातल्या असतील तर एका ठिपक्यात दोन्ही पिकांचा काला होतो. पंजाबातल्या सलग गव्हाला हा डोळा चांगला लागू पडतो. आपल्याकडच्या दीड एकराच्या मिश्र पिकाला तो तेवढा लागू पडत नाही, हे उघड आहे.

दुसरी अडचण ढगांची. खरीप म्हणजे ढग, आणि ढगाआडून साधा फोटो निघत नाही. यासाठी रडारचे उपग्रह आहेत. ते ढगातून आरपार पाहतात, रात्रीही पाहतात. साचलेले पाणी त्यांना फार स्वच्छ कळते, कारण स्थिर पाण्यावरून रडारची लहर परत न येता पलीकडे निसटते आणि चित्रात ती जागा काळी उमटते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या शिवारात शिरल्या, तशा वेळी कुठवर पाणी होते हे सांगायला या डोळ्याचा उपयोग मोठा. तलाठी-कृषी सहायकांना चिखल तुडवत पोहोचायला लागले असते आठ दिवस. पण उपग्रह रोज येत नाही. पाणी मंगळवारी चढले, गुरुवारी ओसरले, आणि उपग्रह शनिवारी आला, तर त्याने पाणी पाहिलेच नाही. मुळ्या मात्र त्या दोन दिवसांत कुजल्या.

आता ओट्यावरच्या शेंगांकडे या. उपग्रहाला पान दिसते, शेंग दिसत नाही. पानाची हिरवाई मोजून तो पिकाची तब्येत सांगतो. पान हिरवे राहून शेंग पोकळ गेली, तर तो फसतो. उलट बाजूनेही फसतो. २०२३ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला आणि रानेच्या राने पिवळी झाली. सोयाबीन पिकायला आले तरी पिवळेच होते. हा पिवळा रोगाचा की पक्वतेचा, हे केवळ रंगावरून सांगणे कठीण. पेरणी कधीची, वाण लवकर येणारे की उशिरा, पाऊस कधी थांबला, हे सगळे यंत्राला नीट दिले असेल तर ते बरेच ओळखते. ते दिले नसेल तर नाही. तुमची आजी मात्र एक झाड उपटून, मुळी पाहून, शेंग फोडून सांगेल.

आकड्याचा फरक किती पडतो?

केंद्राने २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हासाठी असा नियम आणला, की उतारा ठरवताना निदान ३० टक्के वजन या तंत्राच्या आकड्याला द्यायचे. उरलेले पीक कापणीला. पुढे सोयाबीनही त्यात घेतले. महाराष्ट्र हे तंत्र वापरणाऱ्या राज्यांपैकी एक आहे. मध्य प्रदेशाने तर उतारा संपूर्णपणे तंत्रावरूनच काढायचे ठरवले. दर हंगामाला राज्याचा नवा शासन निर्णय निघतो आणि त्यात हे प्रमाण बदलू शकते, म्हणून त्या वर्षीचे प्रमाण कृषी कार्यालयात विचारूनच घ्यावे.

हिशेब समजून घ्या. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या मंडळाचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १२ क्विंटल धरू. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने, म्हणजे आपल्याकडे ७० टक्क्यांनी, गुणले की हा आकडा येतो. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार धरू. पीक कापणीत उतारा निघाला ६ क्विंटल. निव्वळ कापणीवर गेलो तर तूट निम्मी, भरपाई २५ हजार. पण यंत्र म्हणाले उतारा १० क्विंटल आहे, पान हिरवे होते ना! मग सहाचे ७० टक्के ४.२, दहाचे ३० टक्के ३, मिळून ७.२ क्विंटल. तूट ४.८ क्विंटल, म्हणजे ४० टक्के. भरपाई २० हजार. हिरव्या पानाने हेक्टरी ५ हजार रुपये नेले.

आता उलटे धरा. कापणीत कोणी लबाडी केली, चांगल्या रानाचे पीक तोलले आणि उतारा लिहिला १० क्विंटल. यंत्राने मात्र ६ सांगितला. निव्वळ कापणीवर तुम्हाला मिळाले असते साधारण ८,३०० रुपये. दोन्ही मिळून उतारा येतो ८.८ आणि भरपाई होते १३,३०० च्या आसपास. म्हणजे इथे यंत्राने तुम्हाला ५ हजार मिळवून दिले. यंत्र कोणाच्या बाजूचे नाही. ते चुकले तर चुकते, माणूस चुकला तर तेच थोडे सावरूनही घेते.

आकडा दशांश चिन्हासह आला की तो खराच असला पाहिजे, असे आपल्याला वाटते. तसे मानू नये. २०२५ च्या नोव्हेंबरात खुद्द केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी, शेतकऱ्यांना १ रुपया, ३ रुपये, ५ रुपये अशी भरपाई आल्याच्या तक्रारींवर चौकशीचा आदेश दिला. एका प्रकरणात नुकसान दाखवले होते एका टक्क्याच्या हजाराव्या हिश्शांत. इतके बारीक नुकसान कोणत्या शेतात कोणी मोजले, हा प्रश्न मंत्र्यांना पडला तसा कोणालाही पडेल.

गुरूच कच्चा तर?

मला या सगळ्यात सर्वांत काळजीची वाटते ती वेगळीच गोष्ट. हे यंत्र शिकते कशावरून? पीक कापणीच्या आकड्यांवरून. तोच त्याचा गुरू. मग गुरूच कच्चा असेल तर चेला काय शिकेल? चावडीत बसून भरलेला एक खोटा उतारा पूर्वी एका हंगामापुरता, एका मंडळापुरता नुकसान करी. आता तोच आकडा यंत्राच्या शिकवणीत जातो आणि पुढची कित्येक वर्षे, कुठल्या कुठे, भलत्याच शिवाराचा उतारा चुकवत राहतो.

मागच्या एका हंगामात मी अशा एका कापणीला उभा होतो. कृषी सहायक तरुण होता, पदवी घेतलेला, मोबाइल हातात. आकड्याप्रमाणे पावले मोजली आणि तुकडा येऊन पडला तो लिंबाच्या सावलीतल्या खुरट्या पिकावर. गावकऱ्यांना आनंद, उतारा कमी येणार! विमा कंपनीचा माणूस म्हणाला, थोडे पलीकडे घेऊ. सहायकाने घेतले नाही. दोरी लावली, चार खुंट्या ठोकल्या, कापून ताडपत्रीवर मळले. वजन करायच्या आधी तो मोबाइलवर फोटो घेऊ लागला तसे शेतमालक म्हातारबुवा म्हणाले, "भाऊसाहेब, फोटो राहू द्या, आधी शेंग फोडून बघा की."

"तात्या, ते ॲप शेंग विचारतच नाही. वजन विचारतं, फोटो विचारतं."

"मग तुम्ही कशाला आलात? फोटो तर माझा नातूबी काढतो."

तात्यांचे बोलणे चेष्टेचे होते. तरी त्यात नोकरीचा मोठा प्रश्न आला आहे. सहायक हसला, खाली बसला आणि दहा झाडांच्या शेंगा मोजून शेऱ्याच्या रकान्यात लिहिल्या. मग रेंज नव्हती म्हणून टेकाडावर चढून माहिती पाठवली.

बदलते काम

विम्याच्या नुकसानीची पाहणी करणारा सर्वेक्षक, कंपनीचा तालुका प्रतिनिधी, कृषी सहायक यांचे निम्मे काम आजवर कागदाचे होते. अर्ज तपासणे, सातबारा जुळवणे, याद्या करणे, बँकेचा खाते क्रमांक दोनदा पाहणे. हे काम यंत्र उचलते आहे, आणि बरेच ठिकाणी माणसापेक्षा चांगले करते. एकच फोटो दहा अर्जांना जोडला, पडीक जमिनीवर कांदा दाखवला, सरकारी गायरानाचा विमा काढला, हे त्याला पटकन कळते. एक रुपयात विमा होता त्या २०२३ ते २०२५ च्या काळात आपल्या राज्यात असे बोगस अर्ज मोठ्या संख्येने सापडले. ते भरणारे कोणी परके नव्हते, आपल्याच तालुक्यातली हुशार मंडळी होती. त्यांच्यामुळे खऱ्या शेतकऱ्यावर संशय आला आणि पुढे ती योजनाच गेली. खऱ्या-खोट्याची ही चाळणी यंत्राने केली तर वाईट वाटायचे कारण नाही.

शेताच्या फोटोंचेही तसेच. हंगामात चार-पाच वेळा पिकाचा फोटो घ्यायचा आणि त्यावरून पीक कोणते, वाढ कशी, रोग आहे काय हे यंत्राने सांगायचे, अशी 'क्रॉपिक' नावाची योजना केंद्राने २०२५ साली हाती घेतली. गाई-म्हशींच्या विम्यातही हा वारा शिरला आहे. गाईच्या नाकाच्या शेंड्यावरच्या रेघा आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्या, प्रत्येक जनावराच्या वेगळ्या असतात. काही विमा कंपन्या त्याचा फोटो घेऊन ठेवतात. कानातला बिल्ला गळाला म्हणून दावा अडला, असे ज्यांच्या घरी झाले आहे त्यांना याचे मोल कळेल.

मग सर्वेक्षकाला उरले काय? उरली ती वादाची रानं. यंत्र आणि कापणी जिथे जुळत नाहीत, जिथे मिश्र पीक आहे, जिथे पान हिरवे आणि शेंग पोकळ आहे, तिथे माणूसच लागतो, आणि तोही जाणता. सोपे दावे यंत्राकडे गेल्याने माणसाच्या वाट्याला सगळे अवघड दावे येणार. त्याला पीक कळले पाहिजे, नकाशा कळला पाहिजे, आणि यंत्राच्या आकड्यापुढे 'हे चूक आहे, कारण असे असे' हे स्वच्छ मराठीत लिहिता आले पाहिजे. निव्वळ मोबाइलवर रकाने भरणाऱ्याची नोकरी टिकणे कठीण आहे, कारण तात्या म्हणाले तसे ते काम नातूही करतो.

एक अडचण मात्र कोणी बोलत नाही. माणूस जाणता होतो कसा? नांगर धरायला शिकणाऱ्या पोराला आपण आधी मोकळ्या, सपाट रानात घालतो. दगडाच्या उतारावर एकदम घालत नाही. नवा सर्वेक्षक सोप्या शेतांवर शंभर वेळा जाऊन, चुकून, वरिष्ठाची बोलणी खाऊन शिकत असे. ती सोपी शेतेच आता यंत्राकडे गेली, तर शिकाऊ माणसाने हात बसवायचा कुठे? आजचे जाणते निवृत्त होतील तेव्हा यंत्राला 'चूक' म्हणणारा कोणी राहील की नाही, याची मला शंका वाटते. कृषी विद्यालयांनी आणि कंपन्यांनी नव्या पोरांना यंत्राचा आकडा न दाखवता आधी स्वतःचा अंदाज लिहायला लावावा आणि मग दोन्ही ताडून पाहावेत. यात खर्च फारसा नाही.

तुमच्या घरात कृषी पदविका झालेला मुलगा किंवा मुलगी बसून असेल, तर त्यांना हे सांगा. मोबाइल त्यांना येतोच. त्यांनी आजीबरोबर रानात जाऊन शेंगा मोजायला, रोग ओळखायला, उभ्या पिकाचा अंदाज बांधून मळणीनंतर तो पडताळायला शिकावे. दोन्ही येणारी माणसे फार थोडी आहेत.

आपल्या हातात काय आहे?

पहिले म्हणजे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. २०२५ पासून आपल्याकडे विम्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी लागते. विमा सोयाबीनचा आणि पाहणीत नोंद तुरीची असली, तर यंत्र ते क्षणात पकडते आणि ते मुद्दाम केले की चुकून झाले, हे विचारत बसत नाही. गावातल्या पोराला सांगून नोंद करून घेतली असेल तर ती एकदा स्वतः वाचून पाहा. अर्ज भरल्याची पावती घरात एका जागी ठेवा, मोबाइलवर विसंबू नका.

गारपीट, शेतात पाणी शिरणे अशा स्थानिक नुकसानीची खबर ७२ तासांत द्यायची, हा केंद्राच्या योजनेतला नियम. २०२५ च्या खरिपात महाराष्ट्राने हे जादा संरक्षण वगळले आणि भरपाई केवळ पीक कापणीच्या उताऱ्यावर ठेवली. त्यानंतर २०२६ च्या खरिपापासून रानटी जनावरांनी केलेले नुकसान आणि भातात पाणी साचणे यांचा समावेश करण्याचे केंद्राने जाहीर केले. आपल्या राज्यात, आपल्या पिकाला यातले काय लागू आहे, हे हप्ता भरतानाच विचारावे. ७२ तासांचा काटा किती टोचतो हे धाराशिवच्या शेतकऱ्यांना विचारा. २०२० च्या अतिवृष्टीत सोयाबीन गेले, वेळेत खबर दिली नाही म्हणून विमा नाकारला गेला. शेतकरी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले आणि २०२२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण दोन वर्षे गेली ती गेलीच. सरकारी पंचनामे झालेले होते, ते तिथे उपयोगी पडले.

नुकसानीचा फोटो काढताना दोन प्रकारचे काढावेत. एक लांबून, ज्यात सगळे रान आणि शेजारची विहीर, खांब किंवा झाड अशी ओळखीची खूण येईल. दुसरा जवळून, आणि हाच महत्त्वाचा, कारण हाच उपग्रहाला मिळत नाही. चार झाडे उपटून आडवी मांडा, शेंगा फोडून तळहातावर धरा, शेजारी पट्टी ठेवा आणि मग फोटो घ्या. हे काम घरातल्या बाईइतके नीट कोणी करणार नाही, कारण शेंग पोकळ आहे हे पहिल्यांदा तिलाच कळलेले असते. फोटो काढण्याआधी मोबाइलमधले ठिकाण चालू करा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोत ठिकाण आणि वेळेची आतली नोंद राहत नाही. म्हणून मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका.

दावा नाकारला किंवा रक्कम अगदीच थोडी आली, तर 'संगणकानेच काढले आहे' हे उत्तर म्हणून घेऊ नका. संगणकाने काढले असले तरी सही माणसाची असते. मंडळाचे उंबरठा उत्पादन किती, कापणीचा उतारा किती, तंत्राचा किती, वजन किती दिले, हे चार आकडे लेखी मागा. १४४४७ हा केंद्राचा मदत क्रमांक आहे. तिथे तक्रार केली की नोंद क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. त्यापुढे तालुक्याची समिती आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा तक्रार निवारण समिती आहे. एकट्याने जाण्यापेक्षा मंडळातल्या दहा-वीस जणांनी मिळून, एकाच अर्जावर सह्या करून जावे. आकडा सगळ्या मंडळाचा असतो, तक्रारही मंडळाचीच असावी.

आणि कापणीला हजर राहा. महसूल मंडळात एका पिकाचे निदान दहा प्रयोग तरी व्हायचे असतात, आणि निवडलेल्या शेतांची यादी आधीच तयार असते. कृषी सहायकाकडे, तलाठ्याकडे किंवा ग्रामसेवकाकडे चौकशी केली की आपल्या गावात कोणाचे रान लागले हे कळते. गावच्या समितीने तारीख फलकावर लिहावी. तुकडा जिथे पडेल तिथेच राहू द्यावा, तो चांगल्यावर पडो की वाईटावर. तो सरकवायचा आग्रह आपणही करू नये आणि दुसऱ्यालाही करू देऊ नये. काट्यावरचे वजन स्वतः वाचावे, वहीत लिहून घ्यावे, शेऱ्याचा रकाना कोरा असेल तर पोकळ शेंगांची नोंद करायला सांगावे आणि मगच सही करावी. सोयाबीनसाठी ही चौकशी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. काढणी सुरू झाली की कोणाला कोणाकडे पाहायला सवड नसते.